बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वजन कमी करणारं इंजेक्शन: ठरवण्यापासून थांबवण्यापर्यंत

वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांची इंजेक्शनं बाजारात उतरू लागली. वडील स्वतःसाठी इंजेक्शनचं पेन आणतात, त्यांचं वजन उतरतं, आणि मग जेवताना विषय निघतो: आपल्या मुलालाही देऊन पाहावं का? हा लेख त्या प्रश्नापाशी उभ्या असलेल्या आईवडिलांसाठी आहे. सुई टोचणं हा यातला सर्वांत सोपा भाग. मूल सुरक्षित राहतं ते सुईच्या आधी काय तपासलं आणि नंतर घरात काय पाहिलं यावर.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण तिथे तडजोड नको. वडिलांच्या पेनमधला डोस मुलाला द्यायचा नाही, अगदी "फक्त थोडासा" म्हणूनही नाही. सुई बदलली तरी एक पेन दोघांनी वापरलं तर रक्तातून पसरणारे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. शिवाय वडिलांचा डोस अनेक महिन्यांत चढत गेलेला असतो. तोच पहिल्या दिवशी मुलाला मिळाला तर उलट्या थांबता थांबत नाहीत.

हे औषध याच मुलासाठी आहे का?

अमेरिकेच्या औषध नियामकाने लठ्ठपणासाठी लिराग्लुटाइड या त्याच गटातल्या औषधाला डिसेंबर २०२० मध्ये आणि सेमाग्लुटाइडला डिसेंबर २०२२ मध्ये बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्यता दिली. लिराग्लुटाइड रोज घ्यायचं असतं, सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा. बाराच्या आतल्या मुलांवर लिराग्लुटाइडचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे निष्कर्ष आशादायक होते, पण मुलं फक्त ८२ होती. तेवढ्या बळावर नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घरी इंजेक्शन सुरू करू नये. टिर्झेपॅटाइड, म्हणजे बाजारात 'मौंजारो' नावाने प्रसिद्ध झालेलं औषध, वजनासाठी मोठ्यांनाच दिलं जातं. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात कोणत्या वयासाठी परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. "हे माझ्या मुलाच्या वयाला मंजूर आहे, की तुम्ही तुमच्या अनुभवावर देत आहात?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. दुसरं उत्तर चुकीचंच असतं असं नाही, पण ते तुम्हाला माहीत असायला हवं.

आता वजन. मुलांचा लठ्ठपणा डोळ्यांनी ठरत नाही, आणि मोठ्यांच्या बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्यानेही नाही. आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते वापरतात. पाच ते अठरा वर्षांसाठीच्या या तक्त्यांच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगळे आहेत. त्यात प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या दोन रेषा असतात. पहिलीच्या वर वजन जास्त, दुसरीच्या वर लठ्ठपणा. औषधाचा विचार दुसऱ्या रेषेच्या बऱ्याच वर असलेल्या मुलासाठी असतो, आणि त्याला वजनामुळे काही त्रास सुरू झाला असेल तर अधिक गंभीरपणे: फॅटी लिव्हर, वाढलेली साखर किंवा रक्तदाब, झोपेत श्वास अडकून घोरणं, गुडघे-खुबे दुखणं, मुलींमध्ये पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा हॉर्मोनचा त्रास. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळेपणा आला असेल तर तो मळ नाही. घासून जात नाही म्हणून मुलाला रागावू नका. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते आणि ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.

गोलमटोल पण तक्त्यात बसणारं मूल, दहावीच्या निरोप समारंभाआधी बारीक व्हायचं म्हणणारी मुलगी, घरातल्या लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून आग्रह धरणारी मावशी: यांतल्या कोणासाठीही हे औषध नाही. पण उलट टोकही मला तितकंच खटकतं. "वयात आला की आपोआप सडसडीत होईल" म्हणत लिव्हरला सूज आलेल्या मुलाला वर्षानुवर्षं तसंच ठेवणं हीसुद्धा हानी आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की बारा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलांना औषधाचा पर्याय द्यावा, आणि तो आहार-व्यायामाच्या जोडीने द्यावा. ही जोड त्यांनी तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तासांच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाची सांगितली आहे. आहाराचा एक छापील कागद हातात ठेवणं म्हणजे ते मार्गदर्शन नव्हे.

कोणते डॉक्टर, आणि पहिल्या भेटीत काय

मुलांचे हॉर्मोनतज्ज्ञ मिळाले तर उत्तम. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत ते आहेत. लहान गावात असाल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन एकदा मोठ्या शहरात दाखवा आणि पुढची देखरेख गावातच ठेवा. जिममधला प्रशिक्षक, ब्यूटी क्लिनिक, व्हॉट्सॲपवर फोटो मागवून औषध लिहून देणारी सेवा यांच्याकडून मुलासाठी हे औषध घेऊ नका.

जाताना शाळेच्या आरोग्य कार्डातल्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी घेऊन जा. त्यातून फार महत्त्वाची गोष्ट कळते. खाण्यामुळे वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंचही असतं. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे असं दिसलं तर थायरॉइड किंवा दुसरा हॉर्मोनचा आजार आधी शोधावा लागतो. पाच वर्षांच्या आधीच वजन भराभर वाढलं आणि मुलाची भूक कधी शमतच नाही, असं असेल तर जनुकीय कारण तपासतात, कारण त्यातल्या काही आजारांवरचा उपाय वेगळा असतो. फिट्स, मानसिक आजार किंवा दमा यांवरची काही औषधंही वजन वाढवतात. व्हॅलप्रोएट, रिस्पेरिडोन, ओलान्झपीन, पोटातून दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडं ही त्यातली ठळक नावं. ती परस्पर बंद करू नका. यादी दाखवा, एवढंच.

घरातल्या आजारांबद्दल विचारतील तेव्हा दोन गोष्टी नक्की सांगा. थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग किंवा 'मेन-टू' नावाचा आनुवंशिक आजार घरात कोणाला झाला असेल तर हे औषध देत नाहीत. आजी रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते ही गोष्ट वेगळी, तिच्यामुळे औषध अडत नाही. दुसरं म्हणजे मुलाला कधी स्वादुपिंडाची सूज किंवा पित्ताशयात खडे झाले असतील तर ते लपवू नका.

सुरुवातीच्या तपासण्यांत साधारणपणे साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर), लिव्हर, किडनी, रक्तातली चरबी, थायरॉइड, रक्तदाब, नाडी आणि पोटाची सोनोग्राफी येते. मूल आधीच मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल तर तिचा डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर साखर एकदम खाली जाते.

मुलगी असेल तर डॉक्टरांना तिच्याशी काही वेळ एकटीने बोलू द्या. आईला हे अवघड वाटतं, पण जागा सोडा. गरोदरपणात हे औषध चालत नाही, आणि सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. वजन उतरल्यावर पीसीओडीमुळे अनियमित झालेली पाळी पुन्हा सुरू होते, म्हणजे गर्भ राहण्याची शक्यताही वाढते. ही माहिती सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला तिच्या डॉक्टरांकडून मिळालेली बरी.

मुलगा असो वा मुलगी, त्या एकांतात आणखी एक चौकशी होते: खाल्लं की ओकून टाकणं, दिवसभर उपाशी राहून रात्री लपून खाणं, आरशासमोर स्वतःचा तिरस्कार. असं काही असेल तर आधी त्यावर उपचार. भूक मारणारं औषध अशा मुलाच्या हाती देणं धोक्याचं आहे.

मुलाचं 'हो' मिळवा

आईवडिलांची सही कायद्याने लागते, पण सुई मुलाच्या पोटात जाणार आहे. त्याला स्वच्छ शब्दांत सांगा: या औषधाने पोट हळू रिकामं होतं, मेंदूला "भरलं" हा निरोप लवकर जातो, सुरुवातीला मळमळेल, आणि नको वाटलं तर थांबवता येईल. "जाड्या", "ढोल्या" हे शब्द घरातून आजच हद्दपार करा, लाडानेसुद्धा नकोत. भावंडांना आणि नातेवाइकांना सांगायचं की नाही हे मुलाला ठरवू द्या. शाळेत कोणाला कळावं हेही त्यानेच ठरवावं.

अपेक्षा खऱ्या ठेवा. सेमाग्लुटाइडच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ ते १७ वर्षांची २०१ मुलं होती. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचा बीएमआय सरासरी १६.१ टक्के उतरला, तर नुसतं आहार-व्यायामाचं मार्गदर्शन आणि खोटं इंजेक्शन मिळालेल्यांचा ०.६ टक्के वाढला. ही सरासरी आहे. काहींचं पुष्कळ उतरतं, काहींचं जेमतेम. त्याच अभ्यासात पोटाचे त्रास औषध घेणाऱ्या १०० पैकी ६२ जणांना झाले, खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत ४२ जणांना. पित्ताशयाचे खडे औषधाच्या गटात चार टक्के मुलांना झाले, दुसऱ्या गटात एकालाही नाही.

औषध विकत घेताना

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, बिलासह, फ्रिज असलेल्या मेडिकलमधून घ्या. बिल जपून ठेवा. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि पेनवरचा क्रमांक जुळतो का पाहा. ओझेम्पिकच्या, म्हणजे सेमाग्लुटाइडच्या एका ब्रँडच्या, नावाने बनावट माल पसरल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्येच दिला होता, त्यामुळे ओळखीच्या माणसाने "बाहेरून आणलेलं" पेन स्वस्तात मिळालं तरी नको.

मुलांसाठी ठरावीक डोसचं पेनच मागा. काही औषधं कुपीत येतात आणि ती सिरिंजने ओढावी लागतात. इथे आपल्या देशात एक खास धोका आहे, म्हणून नीट समजून घ्या. इन्सुलिनच्या सिरिंजा आपल्याकडे दोन प्रकारच्या मिळतात: लाल टोपणाची, एका मिलिलिटरला ४० युनिटच्या खुणा असलेली, आणि नारिंगी टोपणाची, १०० युनिटच्या खुणा असलेली. समजा कुपीत एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम औषध आहे आणि डोस ०.२५ मिलिग्रॅमचा आहे. म्हणजे ०.१२५ मिलिलिटर हवं. नारिंगी सिरिंजवर ती खूण साडेबारावर येते, लाल सिरिंजवर पाचावर. नारिंगीचा आकडा लाल सिरिंजवर भरला तर मुलाला अडीच पट औषध जाईल. कुपीच वापरायची असेल तर किती मिलिलिटर, कोणती सिरिंज, कोणत्या रेषेपर्यंत हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पहिला डोस दवाखान्यात त्यांच्यासमोर भरून दाखवा. "किती युनिट?" असं विचारणारा आणि सांगणारा दोघंही चुकू शकतात, कारण या औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो.

न वापरलेलं औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, कारण एकदा गोठलं की ते फेकावं लागतं, वितळल्यावरही चालत नाही. वापरात असलेलं पेन किती दिवस आणि किती तापमानाला चालतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. बहुतेकांना ३० अंशांची मर्यादा आहे. अकोला-नागपूरच्या उन्हाळ्यात घरातला कोनाडाही ती ओलांडतो, तेव्हा पेन फ्रिजमध्येच राहू द्या. एसटीच्या प्रवासात थंड पिशवी न्या, पण पेन आणि बर्फाची थैली यांच्यामध्ये टॉवेल हवा.

टोचायचं कसं

आठवड्याचा एक वार ठरवा. शनिवार संध्याकाळ बऱ्याच घरांना सोयीची पडते, कारण मळमळ झालीच तर रविवार विश्रांतीला मिळतो. पेन थोडा वेळ आधी बाहेर काढा, थंडगार औषध जास्त झोंबतं. साबणाने हात धुवा. औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ किंवा कण असलेलं टोचू नका.

दर वेळी नवी सुई. चार मिलिमीटरची बारीक सुई बहुतेक मुलांना पुरते. नवं पेन पहिल्यांदा वापरताना माहितीपत्रकाप्रमाणे एक थेंब सुईच्या टोकाशी येतो का ते बघा. जागा म्हणजे बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, किंवा मांडीची पुढची बाजू. दंडावर टोचायला दुसऱ्याचा हात लागतो. दर आठवड्याला जागा थोडी सरकवा, नाहीतर तिथे गाठी येतात. सुई सरळ आत, बटण दाबायचं, आकडा शून्यावर आल्यावर सावकाश सहापर्यंत मोजायचं आणि मगच सुई काढायची. एखादा थेंब रक्त आलं तर कापसाने दाबा, चोळू नका. कॅलेंडरवर तारीख, डोस आणि जागा लिहा.

चौदा-पंधरा वर्षांचं मूल हे स्वतः शिकतं आणि शिकावंही. पण पेन मोठ्यांच्या ताब्यात आणि डोस मोठ्यांच्या नजरेसमोर, एवढा नियम अठरापर्यंत ठेवा.

वापरलेली सुई लगेच जाड प्लास्टिकच्या झाकणवाल्या डब्यात टाका. डबा भरला की चिकटपट्टी लावून, वर 'सुया' असं लिहून दवाखान्यात परत द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटी सुई गेली तर ती कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हातात घुसते.

सेमाग्लुटाइडचा डोस चुकला आणि पुढच्या डोसला दोन दिवसांपेक्षा जास्त अवकाश असेल तर आठवलं तेव्हा घ्या. त्याहून कमी असेल तर तो डोस सोडून द्या. दोन डोस एकदम कधीच नाहीत. सलग दोन आठवडे चुकले तर परस्पर जुन्या डोसवर जाऊ नका, डॉक्टरांना विचारा, पुन्हा खालून सुरू करावं लागू शकतं. रोजचं लिराग्लुटाइड तीन दिवसांपेक्षा जास्त चुकलं तरी हेच.

डोस हळूच चढवायचा

सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४ असं चढतं. म्हणजे पूर्ण डोसावर यायला चार महिने लागतात. लिराग्लुटाइड ०.६ पासून दर आठवड्याला ०.६ ने वाढवत ३ मिलिग्रॅमपर्यंत नेतात, मुलांमध्ये त्याहून सावकाशही. पहिल्या पायरीचा डोस शरीराला सवय लावण्यासाठी असतो. त्यात वजन उतरलं नाही म्हणून घाई करू नका. मळमळ टिकून असेल तर त्याच पायरीवर आणखी चार आठवडे थांबायला डॉक्टरांना सांगा. २.४ सोसत नसेल तर १.७ वर राहिलेली मुलंही असतात, त्यात अपयश काही नाही. आणि सहामाही, बोर्ड किंवा प्रवेश परीक्षेच्या तोंडावर डोस वाढवू नका.

ताटात काय

भूक कमी झाली की मूल सगळंच कमी खातं, आणि वाढीचं वय थांबत नाही. चपाती-भात कमी झाले तर चालेल, प्रथिनं कमी होऊन चालणार नाहीत. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम, मुलीला ४३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. सोळा ते अठरामध्ये ती ५५ आणि ४६ होतात. म्हणून ताटात आधी उसळ, वरण, अंडं, मासा, पनीर किंवा दही खायला सांगा, भाकरी त्यानंतर. मटकीची उसळ, पिठलं, घट्ट दही, नाचणीची आंबील हे पोटाला मानवणारे घरचे पदार्थ आहेत. बटाटेवडा, चायनीज, मलईदार मिठाई यांनी मळमळ बळावते हे मूल स्वतःच दोन आठवड्यांत ओळखतं.

थोडं थोडं, सावकाश, आणि पोट भरल्यासारखं वाटताच थांबायचं. "ताटात टाकायचं नाही" ही शिस्त या काळात बाजूला ठेवा आणि वाढतानाच कमी वाढा. पाणी, ताक, साधं वरणाचं पाणी दिवसभर चालू ठेवा. बद्धकोष्ठतेसाठी पाणी, फळं, भाज्या आणि विचारून इसबगोल. शाकाहारी मुलांचं बी-१२, शिवाय सगळ्यांचं ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

उपवासाचं तर स्पष्टच बोलायला हवं. निर्जळी एकादशी, नवरात्राचे कडक नऊ दिवस, पर्युषणातले उपवास, रोजे: आधीच कमी खाणाऱ्या आणि कमी पिणाऱ्या मुलाला यात शोष पडू शकतो आणि किडनीवर ताण येतो. घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून ठेवा.

चरबीबरोबर स्नायूही उतरतात. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा: बैठका, सूर्यनमस्कार, दोरउड्या, कबड्डी. मुलाला आवडेल तो खेळ. शिक्षा म्हणून पळवू नका.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

पोटात जोराची कळ, विशेषतः पाठीकडे जाणारी आणि उलट्यांसकट, ही स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे होणं हे पित्ताशयाकडे बोट दाखवतं. पाणीही पोटात न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं, उभं राहताच चक्कर येणं. चेहरा किंवा ओठ सुजणं, श्वास लागणं. यांतलं काहीही झालं तर पुढचा डोस नाही आणि त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. मधुमेहाची औषधं घेणाऱ्या मुलाला घाम फुटून हात थरथरले तर आधी साखर द्या आणि मग गाडी काढा.

मनावरही लक्ष ठेवा. मूल एकदम गप्प झालं, आवडीच्या गोष्टी सोडल्या, जगण्याला कंटाळल्याचं बोललं तर "वयाचं असेल" म्हणून सोडू नका. त्याच्याजवळ बसा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

कोणत्याही ऑपरेशनआधी, दात काढताना भूल देणार असतील तरी, हे औषध चालू असल्याचं सांगा. पोट हळू रिकामं होत असल्याने भुलीत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पुढच्या भेटी आणि औषध बंद करणं

डोस चढत असताना महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी भेट. प्रत्येक वेळी उंची मोजलीच पाहिजे, कारण मुलाचं यश बीएमआयच्या तक्त्यावर बघतात, नुसत्या किलोंवर नाही. वजन तेच राहून उंची चार सेंटिमीटर वाढली तरी ती प्रगती आहे. घरी रोज वजनकाट्यावर उभं करू नका. पूर्ण किंवा सोसेल तेवढ्या डोसावर बारा आठवडे होऊनही बीएमआय पाच टक्क्यांनी उतरला नाही, तर सेमाग्लुटाइड थांबवून फेरविचार करावा असं युरोपातलं माहितीपत्रक सांगतं. चालत नसलेलं औषध आशेवर ओढत राहण्यापेक्षा हे बरं.

चाललं तर किती दिवस? याचं उत्तर सुरू करण्याआधीच मागा. औषध थांबलं की भूक परत येते, आणि मोठ्यांच्या अभ्यासात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं. म्हणून पैशांचा हिशोब दोन-तीन महिन्यांचा नको, दोन-तीन वर्षांचा करा, आणि तो झेपत नसेल तर डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगा. बंद करायची वेळ आली तर शाळेच्या मोठ्या सुट्टीत, जेवणाच्या वेळा आणि खेळ सुरळीत असताना करा. बंद झाल्यावर पहिल्या महिन्यात एक भेट आणि मग सहा महिने नियमित नोंद ठेवा. मूल अठरा पूर्ण करत असेल तर त्याआधीच मोठ्यांच्या हॉर्मोनतज्ज्ञांची वेळ घ्या आणि तक्ते, तपासण्या, डोसची वही अशी सगळी फाइल मुलाच्या हातात द्या.